स्कोनमधले आणि स्कोनवरचे

पत्राचा सारांश: इंग्लंडमधल्या डेव्हन परगण्यात राहणाऱ्या एका वाचक भगिनींचे हे पत्र आहे. शेजारच्या वयस्क इंग्रज बाईंकडून त्या स्कोन (चहाबरोबर खायचे, भट्टीत भाजलेले छोटे फुगीर पाव) करायला शिकल्या आणि रविवारी दुपारी चहाबरोबर घरचे स्कोन, क्लॉटेड क्रीम (तापवून दाट केलेली साय) आणि स्ट्रॉबेरीचा जॅम हा त्यांच्या घरचा नेम होऊन गेला. या वर्षी पतीच्या तपासणीत एचबीए१सी (गेल्या दोन-तीन महिन्यांतली रक्तातल्या साखरेची सरासरी सांगणारा आकडा) ४४ आले आणि डॉक्टरांनी 'मधुमेहाच्या उंबरठ्यावर आहात' असे सांगितले. तेव्हापासून या भगिनींनी मैदा, साखर आणि लोणी एका झटक्यात बंद केले. साताऱ्याहून सहा महिन्यांसाठी आलेल्या सासूबाई म्हणाल्या, 'गूळ बाधत नाही', म्हणून साखरेच्या जागी गूळ आला. लोण्याच्या जागी खोबरेल तेल आले आणि मैद्याच्या जागी सगळी कणीक. 'निदान तेवढे तरी राहू दे' म्हणून जॅम आणि क्रीम मात्र पूर्वीसारखेच राहिले. आता स्कोन घट्ट आणि कोरडे होतात. मुले जास्तीचा जॅम लावून कसेबसे खातात आणि अर्धे टाकून देतात. पती काही बोलत नाहीत, पण त्यांच्या गाडीत दुकानातल्या मफिनचे रिकामे पाकीट सापडले. शेजारीणबाईंनी तर 'हे स्कोन नव्हेतच' असे सांगून टाकले. सासूबाईंना रक्तदाबाच्या गोळ्या चालू आहेत, त्यांचीही काळजी आहेच. भगिनी विचारतात: स्कोन करणे कायमचे सोडून द्यावे, कुणी खावो न खावो पौष्टिकच करत राहावे, की आठवड्यातून एकदाच तर खातो म्हणून जुन्या पद्धतीचेच करावेत?

नमस्कार ताई,

तुमची काळजी खरी आहे आणि तिच्यापोटी तुम्ही घेतलेले कष्टही खरे आहेत, म्हणून आधीच सांगते की या तीन वाटांपैकी एकही धरण्याची तुम्हाला गरज नाही. तिन्ही वाटा एकाच समजुतीतून निघाल्या आहेत, ती म्हणजे दोष स्कोनचा आहे. ही समजूत आपण आधी तपासून घेऊ. त्यासाठी स्वयंपाकघरातला वजनकाटा पुरेसा आहे.

तुमच्या शेजारीणबाईंनी शिकवलेली कृती बहुधा नेहमीचीच असणार: २२५ ग्रॅम सेल्फ-रेझिंग (बेकिंग पावडर आधीच मिसळलेला) मैदा, ५५ ग्रॅम लोणी, २५ ग्रॅम साखर आणि १५० मिलिलिटर दूध. एवढ्यात मध्यम आकाराचे आठ स्कोन होतात. म्हणजे एका स्कोनच्या वाट्याला साखर येते जेमतेम ३ ग्रॅम आणि लोणी ७ ग्रॅम. त्या लोण्यातली संपृक्त चरबी (सॅच्युरेटेड फॅट) साडेतीन ग्रॅमच्या आसपास असते आणि स्कोनचे एकूण उष्मांक १७०च्या घरात जातात. आता वर काय पडते ते पाहा. दोन्ही अर्धुकांवर मिळून ३० ग्रॅम जॅम सहज लागतो, आणि नेहमीच्या जॅममध्ये ६० टक्क्यांच्या आसपास साखरच असल्याने तिथेच १८ ग्रॅम साखर झाली. क्लॉटेड क्रीममध्ये निम्म्याहून अधिक भाग निव्वळ स्निग्धांशाचा असतो. कॉर्निश क्लॉटेड क्रीमला तर किमान ५५ टक्क्यांची अटच आहे. त्याचे ३० ग्रॅम घेतले की सुमारे १२ ग्रॅम संपृक्त चरबी आणि पावणेदोनशे उष्मांक पोटात जातात. ब्रिटनच्या आरोग्य सेवेने प्रौढांसाठी वरून घातलेल्या साखरेची दिवसाची मर्यादा ३० ग्रॅम ठरवली आहे आणि संपृक्त चरबीची मर्यादा स्त्रियांसाठी २० ग्रॅम, पुरुषांसाठी ३० ग्रॅम. एका स्कोनवरच्या जॅम-क्रीमनेच त्यातला केवढा वाटा व्यापला जातो, हे तुमच्या लक्षात आले असेल.

तुम्ही तीन ग्रॅम साखरेशी झगडत राहिलात आणि अठरा ग्रॅमना हात लावला नाही. शिवाय स्कोन कोरडे झाल्यावर मुले घशाखाली उतरावे म्हणून जॅम वाढवू लागली, म्हणजे घरातली साखर कमी होण्याऐवजी वाढलीच. यात तुम्हाला दोष देण्याचा माझा हेतू अजिबात नाही. पिठात पडणारी साखर आपण स्वतः मोजून घालतो, म्हणून ती डोळ्यांत खुपते. बरणीतला जॅम आधीच कुणीतरी तयार करून ठेवलेला असतो, त्यामुळे त्याचा हिशोब मनात होतच नाही. पुष्कळ घरांत असेच घडते.

साखरेचा हिशोब असा असला, तरी मधुमेहाच्या उंबरठ्यावर असलेल्या माणसासाठी पिठाचा हिशोबही करावा लागतो, कारण रक्तातली साखर सगळ्याच कर्बोदकांनी वाढते. एका स्कोनमध्ये २८ ग्रॅम पीठ, म्हणजे कर्बोदके सुमारे २० ग्रॅम. मध्यम आकाराच्या एका पोळीतही जवळपास एवढीच असतात. म्हणून तुमच्या पतींनी रविवारी दुपारी एक स्कोन खाल्ला, तर रात्रीच्या जेवणातली एक पोळी कमी करावी, एवढे हे साधे गणित आहे. कॅफेतला तळहाताएवढा स्कोन मात्र या गणितात बसत नाही. तो घरच्या दोन स्कोनइतका सहज भरतो. घरी करण्याचा मोठा फायदा हाच आहे की आकार तुमच्या हातात राहतो. साडेपाच-सहा सेंटिमीटरचा साचा किंवा त्या मापाची वाटी घ्या.

आता गुळाविषयी. सासूबाई मायेने सांगतात आणि त्यांच्या पिढीत गुळाला मान होता, तोही उगीच नव्हे. पण गुळाचा बहुतांश भाग साखरेचाच असतो आणि शरीर त्याला साखर म्हणूनच वागवते. त्यातले लोह आणि इतर खनिजे तीन ग्रॅमांच्या तुकड्यातून मिळून मिळणार किती? मधाचे, खजुराच्या पाकाचे आणि मेपल सिरपचेही तेच. चवीसाठी गूळ घालायचा असेल तर खुशाल घाला, थोडी खमंग चव येते, पण तो साखरेइतकाच मोजून घाला आणि पतींना 'हे तुम्हाला चालेल' असे म्हणून एकाऐवजी दोन वाढू नका. आरोग्यदायी म्हटल्या जाणाऱ्या जिन्नसांची मला सर्वांत मोठी भीती वाटते ती याच जागी. नाव चांगले असले की हात सैल होतो. कृत्रिम गोडीच्या पावडरीही मी सुचवणार नाही. अवघ्या तीन ग्रॅम साखरेसाठी तो खटाटोप करण्यात अर्थ नाही, आणि जिभेची गोडाची सवयही त्याने कमी होत नाही.

खोबरेल तेलाच्या बाबतीत तर बदल उलट्या दिशेने झाला आहे. लोण्यात संपृक्त चरबी निम्म्याच्या आसपास असते, खोबरेल तेलात ८५ टक्क्यांहून अधिक. म्हणजे हृदयाच्या दृष्टीने तुम्ही सुधारणा केली नाही, उलट थोडे मागे गेलात. शिवाय खोबरेल तेल २४-२५ अंशांनाच वितळते. पिठात चोळताना हाताच्या उबेने ते पातळ होते, पिठाला चिकटून बसते, आणि स्कोनमध्ये जो हलकेपणा यायला हवा तो भट्टीत जाण्याआधीच नाहीसा होतो.

मैद्याला विष समजण्याचीही गरज नाही. ब्रिटनमध्ये पांढऱ्या पिठात कॅल्शियम, लोह आणि ब गटातली दोन जीवनसत्त्वे मिसळण्याचे कायद्यानेच बंधन आहे. त्यात उणीव आहे ती चोथ्याची, म्हणजे फायबरची. १०० ग्रॅम पांढऱ्या पिठात चोथा तीनेक ग्रॅम असतो, तर संपूर्ण गव्हाच्या पिठात दहाच्या आसपास. प्रौढांना दिवसाला ३० ग्रॅम चोथा हवा, हे लक्षात घेता थोडी कणीक मिसळणे नक्कीच शहाणपणाचे आहे. फक्त सगळा मैदा काढून टाकला की स्कोनचा जीवच जातो. इथे एक बारीक गोष्ट सांगते. तुमच्याकडच्या भारतीय दुकानांत चपातीच्या पिठाच्या पाकिटावर 'मीडियम' लिहिलेले असते, आणि त्यातला बराच कोंडा काढलेला असतो. ते पीठ दिसायला कणकेसारखे असले तरी संपूर्ण गव्हाचे नसते. पाकीट उलटून प्रत्येक १०० ग्रॅममागे चोथा किती आहे ते वाचा. दहाच्या जवळपास असेल तर ते खरे होलमील.

स्कोन घट्ट का झाले, याची कारणे तुमच्या पत्रातच आहेत. कणकेतला कोंडा पाणी भरपूर आणि सावकाश शोषतो. मैद्याला पुरणारे दूध कणकेला पुरत नाही, आणि पीठ कालवल्या-कालवल्या स्कोन भट्टीत गेले तर कोंडा उरलेला ओलावा भाजताना ओढून घेतो. कोंड्याचे बारीक धारदार कण पिठातली जाळीही तोडतात, त्यामुळे फुगवटा कमी येतो. म्हणून कणीक मिसळली की दूध दोन-तीन चमचे वाढवायचे आणि कालवलेले पीठ दहा-पंधरा मिनिटे झाकून ठेवायचे. ते सुरुवातीला हाताला चिकटेल, पण त्याला घाबरून वरून कोरडे पीठ भुरभुरत राहू नका.

दुसरे कारण तुमच्या हातात आहे, आणि तो हात पोळ्यांचा आहे! आपल्याला कणीक दिसली की ती मळून, तिंबून मऊ करण्याची सवय असते. पोळीला ते हवेच, कारण मळल्याने पिठातले चिवट धागे तयार होतात आणि पोळी ताणून लाटता येते. स्कोनला नेमके तेच नको असते. स्कोनचे पीठ मळण्याऐवजी शंकरपाळ्यांना मोहन चोळतो तसे हाताळायचे, फक्त मोहन कडकडीत करण्याऐवजी लोणी फ्रिजमधून काढलेले गार घ्यायचे. बोटांच्या अग्रांनी गार लोण्याचे तुकडे पिठात चोळत जा. रवाळ दिसू लागले आणि मधूनच मटकीएवढे लोण्याचे कण उरले की थांबा. हेच कण भट्टीच्या धगीत वितळतात, त्यांतल्या पाण्याची वाफ होते आणि पापुद्रे सुटतात. लोण्यापैकी सुमारे सोळा टक्के पाणीच असते, म्हणून साजूक तूप किंवा तेल घेतले की ही वाफ मिळत नाही. यामुळेच लोणी पूर्ण बंद करू नका, असा माझा आग्रह आहे. साडेतीन ग्रॅम संपृक्त चरबीच्या बदल्यात ते जे काम करते, ते दुसऱ्या कशाने होत नाही.

आता मी सुचवते ते प्रमाण. ११० ग्रॅम साधा मैदा, ९० ग्रॅम होलमील पीठ आणि मिक्सरमधून जाडसर काढलेले २५ ग्रॅम ओट्स घ्या. त्यात सपाट अडीच छोटे चमचे बेकिंग पावडर आणि १५ ग्रॅम साखर घालून सगळे एकदा चाळणीतून काढा, आणि चाळणीत राहिलेला कोंडा टाकून न देता परत पिठात मिसळा. ४५ ग्रॅम गार, मीठविरहित लोणी वर सांगितल्याप्रमाणे चोळा. ७५ ग्रॅम घट्ट दही आणि ९० मिलिलिटर दूध एकत्र फेटून एकदमच ओता आणि सुरीच्या पात्याने किंवा उलथन्याने पटापट कालवा. गोळा ओलसर आणि ओबडधोबड दिसला पाहिजे. कोरडा वाटला तर आणखी एक-दोन चमचे दूध घाला. दह्यामुळे स्कोन आतून मऊ राहतात आणि साखर कमी असल्याचे फारसे जाणवत नाही. आवडत असतील तर मूठभर बेदाणे घाला. त्यांच्या गोडीमुळे वरचा जॅम आपोआप कमी लागतो. झाकून ठेवलेली दहा-पंधरा मिनिटे संपली की गोळा थापून घ्या, एकदा घडी घाला आणि पुन्हा अडीच सेंटिमीटर जाडीचा थापा. पातळ थापलेले स्कोन कधीच नीट फुगत नाहीत. साचा सरळ खाली दाबा आणि सरळ वर उचला. तो गोल फिरवला तर कडा चिकटून बंद होतात आणि स्कोन एका बाजूला कलतो. दुधाचा हात फक्त वरच्या पृष्ठावर फिरवा, बाजूंना ओघळ येऊ देऊ नका. भट्टी आधीच २२० अंशांवर, पंख्याची असेल तर २०० अंशांवर, पूर्ण तापलेली हवी. बारा ते पंधरा मिनिटे पुरतात. पतींचे कोलेस्टेरॉलही वाढलेले असेल, तर लोणी २५ ग्रॅमवर आणा आणि दीड टेबलस्पून रेपसीड (मोहरीच्या कुळातल्या बियांचे) तेल दुधात फेटून घाला. त्यात संपृक्त चरबी फार थोडी असते. स्कोन थोडे केककडे झुकतील, पण खाववतील.

ओट्स मी मुद्दाम सुचवले आहेत. त्यातला बीटा-ग्लुकन नावाचा विद्राव्य चोथा रोज ३ ग्रॅम पोटात गेला तर कोलेस्टेरॉल कमी व्हायला मदत होते. एका स्कोनमधून तो अगदी थोडा मिळेल. त्यासाठी सकाळची ओट्सची पेजच बरी. पण स्कोनमध्ये ओट्सने ओलावा टिकतो आणि चवही भरीव लागते.

मुलांसाठी याहून सावकाश जा. पहिल्या खेपेला पाव हिस्सा होलमील आणि बाकी मैदा, मग तिसरा हिस्सा, मग वर दिले आहे ते प्रमाण. त्यांना आधी सांगू नका आणि 'हे पौष्टिक आहे' असे म्हणून पुढेही ठेवू नका. घट्ट स्कोनचा अनुभव ताजा असल्याने मुलांच्या मनात सध्या पौष्टिक म्हणजे बेचव असे बसले असणार, आणि ते पुसायला वेळ लागेल. सात ते दहा वर्षांच्या मुलांसाठी वरून घातलेल्या साखरेची दिवसाची मर्यादा २४ ग्रॅम आहे आणि चार ते सहा वर्षांच्या मुलांसाठी १९ ग्रॅम. त्यांच्या बाबतीत लक्ष द्यायचे ते जॅमच्या चमच्याकडे.

सासूबाईंच्या रक्तदाबाचा प्रश्न साखरेपेक्षा मिठाशी जोडलेला आहे, आणि गोड पदार्थात मीठ असते हेच पुष्कळांच्या लक्षात येत नाही. बेकिंग पावडरच्या एका सपाट चमच्यात जवळजवळ एक ग्रॅम मिठाइतके सोडियम असते. सेल्फ-रेझिंग मैद्यात तीच पावडर आधीपासून मिसळलेली असते, त्यावर आपण आणखी एखादा चमचा घालतो, लोणी खारे वापरतो आणि चिमूटभर मीठही टाकतो. म्हणून मी साधा मैदा, मोजलेली पावडर आणि मीठविरहित लोणी सांगितले. असे केले की एका स्कोनमध्ये मीठ ०.३ ग्रॅमच्या आसपास राहते. दिवसाला सहा ग्रॅमच्या आत राहावे असा तिथला सल्ला आहे आणि जागतिक आरोग्य संघटना पाच ग्रॅमच्या आत म्हणते. त्या मानाने हे थोडेच झाले. साताऱ्याहून बरोबर आलेल्या लोणच्या-पापडांकडे जरा अधिक पाहावे लागेल, असे मी आदरपूर्वक सुचवीन. बाजारात सोडियमऐवजी पोटॅशियम असलेली बेकिंग पावडर मिळते, पण रक्तदाबाच्या काही गोळ्यांनी आणि मूत्रपिंडाच्या विकारात रक्तातले पोटॅशियम वाढू शकते. ती आणण्याआधी त्यांच्या डॉक्टरांना किंवा औषधविक्रेत्याला विचारा.

आता येऊ वरच्या थराकडे, कारण खरी बचत तिथे आहे. डेव्हनमध्ये आधी क्रीम आणि वर जॅम, कॉर्नवॉलमध्ये आधी जॅम आणि वर क्रीम, हा वाद तुम्ही ऐकला असेलच. तुमच्या घरी मी दोन्ही कमी करून त्यांच्या बरोबरीने आणखी काही मांडायला सांगेन. पहिली गोष्ट चक्का. पूर्ण दुधाचे साधे दही रात्रभर कापडात टांगून ठेवले की सकाळी जो घट्ट चक्का मिळतो, तो क्लॉटेड क्रीमइतकाच नीट पसरतो, त्यात स्निग्धांश त्याच्या एका लहान अंशाएवढा असतो आणि प्रथिने मात्र भरपूर. पिठाबरोबर प्रथिने पोटात गेली की साखर जरा सावकाश चढते, म्हणून पतींसाठी हा बदल दुहेरी उपयोगाचा आहे. हवी तर त्यात व्हॅनिला किंवा वेलदोड्याची पूड घाला, पण साखर घालू नका, नाही तर तो श्रीखंड होऊन बसेल. दुसरी गोष्ट फळांची. गोठवलेल्या १५० ग्रॅम रास्पबेरी छोट्या पातेल्यात मंद आचेवर ठेवा, त्यांचा रस सुटला की एक चमचा साखर आणि एक टेबलस्पून चिया बी घालून ढवळा आणि गार होऊ द्या. अर्ध्या तासात ते जॅमसारखे दाटते. मात्र जॅम टिकतो तो साखरेमुळे, आणि इथे साखर थोडी असल्याने ही चटणी फ्रिजमध्ये ठेवून तीन-चार दिवसांत संपवावी लागते. ऑगस्टच्या अखेरीपासून डेव्हनच्या रस्त्यांकडेच्या कुंपणांवर ब्लॅकबेरी लगडतात. मुलांना घेऊन त्या वेचायला जा, तोच रविवारचा फेरफटका होईल. मुलांनी स्वतः वेचलेल्या फळांपुढे दुकानातली बरणी मागे पडण्याची शक्यता बरीच आहे.

याचा अर्थ क्लॉटेड क्रीम घरातून हद्दपार करा असा नाही. तुम्ही त्याच्या माहेरी राहता. सणासुदीला, पाहुणे आले की, वाढदिवसाला ते जरूर असू द्या. फक्त डबा मेजावर न ठेवता प्रत्येकाच्या बशीत एक चमचा वाढा, कारण समोर ठेवलेला डबा संपेपर्यंत माणूस घेतच राहतो.

शेजारीणबाईंचे शब्द तुम्हाला लागले आहेत, हे तुमच्या पत्रातून जाणवते. मला वाटते त्यांनी चवीविषयी प्रामाणिक मत दिले आणि तुम्ही ते स्वतःविषयीचे समजलात. पीठ बदलल्याने स्कोन स्कोन राहत नाही, असा जर त्यांचा अर्थ असेल, तर त्यांच्याच बेटाचा इतिहास तुमच्या बाजूने आहे. स्कॉटलंडमधले जुने स्कोन ओट्सचे किंवा जवाचे, चपटे, लोखंडी तव्यावर भाजलेले असत. आज आपण ओळखतो तो उंच, पांढरा, फुगीर स्कोन घरोघरी होऊ लागला तो तयार फुगवणारी पावडर बाजारात आल्यानंतर. बर्मिंगहॅमच्या आल्फ्रेड बर्ड यांनी पत्नीला यीस्ट चालत नसल्याने १८४३मध्ये बेकिंग पावडर तयार केली आणि ब्रिस्टॉलच्या हेन्री जोन्स यांनी १८४५मध्ये सेल्फ-रेझिंग पिठाचे पेटंट घेतले. घरातल्या एका माणसाच्या प्रकृतीसाठी केलेला बदल या पदार्थाच्या वाटचालीत मुळापासून आहे. नव्या प्रमाणाचे गरम स्कोन घेऊन तुम्ही त्यांच्याकडे जा आणि पतींचे निदान त्यांना सांगा. तुम्ही ते त्यांना अजून सांगितलेले दिसत नाही. कारण कळले तर त्या टीका करण्याऐवजी मदत करतील. इतकी वर्षे भट्टीपुढे उभ्या राहिलेल्या बाईंना पीठ किती ओले हवे, हे माझ्यापेक्षा नक्कीच चांगले कळत असणार.

पतींविषयी मात्र थोडे सविस्तर बोलायला हवे. ब्रिटनमध्ये एचबीए१सी ४२ ते ४७ असेल तर मधुमेहाच्या आधीची अवस्था धरतात आणि ४८पासून मधुमेह. ४४वरून मागे येणे पुष्कळांना जमते, पण ते आठवड्यातल्या एका दुपारच्या स्कोनने घडत नाही आणि बिघडतही नाही. रोजचा भात किती, कामावर जाताना काय खाल्ले जाते, चालणे किती होते, झोप कशी आहे, वजन आणि कंबरेचा घेर किती, यांवर ते अवलंबून आहे. आपल्या दक्षिण आशियाई शरीराला हा धोका तुलनेने कमी वजनालाच सुरू होतो, म्हणून तिथे आपल्यासाठी बॉडी मास इंडेक्सची (उंचीच्या मानाने वजन किती, हे सांगणाऱ्या आकड्याची) पहिली धोक्याची रेषा २५ऐवजी २३वर धरतात. इंग्लंडच्या आरोग्य सेवेचा 'हेल्दिअर यू' नावाचा मधुमेह प्रतिबंधक कार्यक्रम याच अवस्थेतल्या लोकांसाठी आहे. त्यांनी आपल्या डॉक्टरांकडे त्याची चौकशी करावी. मी 'त्यांनी' असे मुद्दाम लिहिते. निदान त्यांचे झाले आणि पीठ, गूळ, तेल, अपराधी भाव हे सगळे तुम्ही अंगावर घेतले. गाडीतले मफिनचे पाकीट ही तुमची फसवणूक आहे असे मला वाटत नाही. ज्याला स्वतःच्या खाण्याविषयी कुणी विचारलेच नाही, असा माणूस घरात गप्प बसतो आणि बाहेर खातो. पाकिटाचा विषय काढून जाब विचारू नका. रविवारी त्यांना स्वयंपाकघरात बोलवा आणि लोणी चोळायचे काम त्यांच्याकडे द्या. त्यांना पोळ्यांची सवय नसेल तर त्यांचा हात स्कोनला कदाचित तुमच्यापेक्षा चांगला बसेल. कणीक किती घालायची, क्रीम कधी घ्यायचे, रात्री पोळी कमी करायची की भात, हे त्यांनाच ठरवू द्या. आणि चहा झाल्यावर सगळ्यांनी मिळून पंधरा मिनिटे चालून या. खाल्ल्यानंतर लगेच चालल्याने साखर कमी चढते, हे त्यांना स्वतःच्या अंगी लवकर पटेल.

गोडाचाच कंटाळा आला तर तिखटमिठाचे स्कोनही इंग्रज घरांत पूर्वापार होतात. वरच्याच प्रमाणातली साखर आणि बेदाणे काढून टाका, ४० ग्रॅम जुने, तीव्र चवीचे चेडर किसून घाला, पाव चमचा मोहरीची पूड, बारीक चिरलेली कांद्याची पात आणि थोडी मिरपूड घाला. चव तीव्र असली की चीज थोडे पुरते. चीजमध्ये मीठ असते, म्हणून वरून घालू नका. यांच्याबरोबर जॅमचा प्रश्नच येत नाही. टोमॅटोचे गरम सूप घेतले तर तेच रात्रीचे जेवण होते.

शेवटी एक व्यवहाराची गोष्ट. आठ स्कोन केले म्हणून आठही त्या दिवशी खाल्ले पाहिजेत असे नाही, पण उरलेले दुसऱ्या दिवशी वातडतात, आणि वाया जाऊ नयेत म्हणून ते खाल्ले जातात. म्हणून माणशी एक भाजा आणि बाकीचे साच्याने पाडलेले कच्चे स्कोन ताटलीत सुटे ठेवून गोठवा, कडक झाल्यावर पिशवीत भरून ठेवा. महिनाभर ते चांगले राहतात. भाजताना वितळू देण्याची गरज नाही, तसेच भट्टीत ठेवून तीन-चार मिनिटे जास्त द्या. भाजलेले उरलेच तर गार झाल्याबरोबर गोठवा आणि खाण्याच्या दिवशी १६० अंशांवर आठ-दहा मिनिटे गरम करा. मायक्रोवेव्हमध्ये ठेवू नका, त्यात ते आधी मऊ वाटतात आणि बशीत येईपर्यंत चिवट होतात.